एकहाती ऑर्गन

धाकटीला वडिलांचा उजवा हात माहीतच नव्हता. तिचा जन्म झाला तेव्हा तो हात जाऊन बरीच वर्षं लोटली होती. कुणाच्या बापाला टक्कल असतं, कुणाच्या बापाला जाड भिंगांचा चष्मा असतो, तसा आपल्या बापाला एकच हात आहे, इतकंच तिला वाटायचं. कोपराच्या वर जिथे तो संपायचा तिथे आई शर्टाची बाही दुमडून आतून बारीक टाके घालायची. ते टाके इतके सफाईदार असायचे, की नवखा माणूस हस्तांदोलनाला हात पुढे करायचा आणि मग ओशाळायचा. बाबा त्याला ओशाळू द्यायचे नाहीत. डावा हात पुढे करून म्हणायचे, "आमच्याकडे डावं-उजवं करत नाहीत. उजवं शिल्लकच नाही."

बाबा पियानो दुरुस्त करायचे. घर उताराच्या रस्त्यावर होतं. खाली कार्यशाळा, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कार्यशाळेत कायम तीन-चार पियानो पोट उघडं टाकून उभे असायचे. भिंतीला तारांची भेंडोळी, टेबलावर फेल्टच्या जाड लोकरी कापडाचे तुकडे, सरस गरम करायचं भांडं आणि सगळीकडे जुन्या लाकडाचा वास. पियानोच्या एकेका सुराला बहुतेक करून तीन तारा असतात. दोन तारा फेल्टच्या पाचरीनं मुक्या करायच्या, तिसरीची खुंटी चावीनं पिळायची, आणि पिळत असताना पट्टी दाबत राहायची, म्हणजे सूर कुठवर आला ते ऐकू येतं. या कामाला दोन हात लागतात. बाबांचा हात चावीवर असायचा. पट्टीवरचा हात आधी आईचा होता, मग थोरल्याचा झाला, आणि थोरला चेंडूच्या मागे पळायला लागल्यावर धाकटीचा झाला. "दाब," बाबा म्हणायचे. ती दाबायची. "परत." ती परत दाबायची. शाळेतून आल्यावर असं तासन्‌तास चालायचं. कंटाळा यायचा, पण त्या कंटाळ्यातच तिचा कान तयार झाला. पुढे तिनं हाच धंदा धरला, तेव्हा शिकवणी कुठे घेतली असं कुणी विचारलं की तिला चटकन सांगता यायचं नाही.

बाबांची सैन्यातली गोष्ट तिनं त्यांच्या तोंडून कमी आणि इतरांच्या तोंडून जास्त ऐकली. भरती झाले तेव्हा ते जेमतेम मिसरूड फुटलेले होते. त्याआधी चर्चमधल्या म्हाताऱ्या ऑर्गनवादकाच्या हाताखाली चांगले तयार झाले होते, आणि आपणही तेच करायचं असं त्यांचं ठरलेलं होतं. मग लढाई लागली. बराकीत पहिल्याच संध्याकाळी ते खाटेशेजारी गुडघे टेकून बसले आणि पोरांना करमणूक मिळाली. कुणी ताट वाजवायचं, कुणी खोटं खोटं रडायचं. बाबांनी भांडण काढलं नाही की प्रार्थना आवरती घेतली नाही. ते मोठ्यानं म्हणायचे, "देवा, पलीकडच्या खाटेवरच्याला झोप येत नाही, त्याच्याकडे जरा बघ." आपलं नाव असं थेट वर पोचतंय म्हटल्यावर पलीकडच्या खाटेवरचा गप्प व्हायचा. त्यांचं नाव तिथे 'पाद्री' पडलं, ते कायमचं.

पलटणीचा आचारी हा त्यांचा दोस्त. देवाचं नाव काढलं की आचारी नाक मुरडायचा. "तुझ्या देवाला सांग, पीठ संपत आलंय," असं म्हणायचा. बाबा म्हणायचे, "सांगितलंय. तो म्हणाला, आचाऱ्यानं जपून वापरावं." दोघांचं जुळलं ते असं, वाद घालत घालत.

एके सकाळी गाड्यांचा ताफा एका अरुंद रस्त्यानं चालला असताना वरून बॉम्ब पडले. स्वयंपाकाची गाडी कुशीवर कोसळली आणि पेटली. आचारी आत अडकला होता. सगळे रस्त्याकडेच्या चरात झेपावले, बाबाही झेपावले. मग ते उठून परत गेले. फळ्यांच्या फटीतून उजवा हात आत घालून त्यांनी आचाऱ्याचा पट्टा धरला आणि ओढला. तो अर्धा बाहेर आला तेव्हा गाडी आणखी कलंडली आणि हात खाली सापडला. बाबांनी डाव्या हातानं त्याला उरलेला ओढून काढला. तोवर बाकीचे धावत आले होते, त्यांनी गाडी उचलून धरली. हात सुटला, पण वाचवण्यासारखा राहिला नव्हता.

धाकटी सात-आठ वर्षांची असताना तिनं पट्टी दाबता दाबता विचारलं होतं, "बाबा, देवानं तुमचा हात का घेतला?"

बाबांनी चावी खाली ठेवली. "देव काय हात गोळा करत बसलाय? बॉम्ब माणसांनी टाकला."

"मग देवानं काय केलं?"

त्यांनी तारांवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, "मी चरात पडलो होतो ना, तेव्हा मला तिथेच पडून राहायचं होतं. मी भित्रा होतो, तुला सांगायला काही हरकत नाही. तरी उठलो. तेवढं बळ माझ्या एकट्याच्या अंगात नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. दाब."

तिनं पट्टी दाबली. पुढे आयुष्यात तिनं पुष्कळ प्रवचनं ऐकली, त्यातली काही फार सुंदर होती, पण कुणी विश्वास म्हणजे काय असं विचारलं की तिला हेच आठवायचं.

इस्पितळातून घरी आल्यावर बाबांनी सगळे शर्ट एका पिशवीत भरले आणि कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात नेले. मशीनवर एक मुलगी बसली होती. "उजव्या बाह्या कापून टाका," ते म्हणाले.

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, शर्टांकडे पाहिलं. "कापायच्या कशाला? दुमडून शिवते. चांगलं कापड आहे."

"मला त्या परत लागणार नाहीत."

"तुम्हाला नसतील लागणार. उद्या मुलगा झाला तर त्याला शर्ट होतील."

बाबा हे सांगताना दर वेळी हसायचे, आणि आई दर वेळी म्हणायची, "मी कापडाची काटकसर बोलत होते. यांनी भलताच अर्थ घेतला." अर्थ कुणीही कसाही घेतलेला असो, वर्षभरात लग्न झालं.

पण ते वर्ष हसण्यासारखं नव्हतं, हे आईनं धाकटीला खूप नंतर सांगितलं. बाबा लढाईतून आले ते प्रार्थना हरवून आले. चर्चमध्ये जायचे, बसायचे, उठायचे, तोंडातून शब्द निघायचा नाही. ज्या माणसाची बराकीत टिंगल झाली तरी जीभ अडखळली नव्हती, तो आता मान खाली घालून पुढच्या बाकावरच्या रंगाचे पोपडे मोजत बसायचा. लग्नाच्या आधी त्यांनी तिला सरळ सांगून टाकलं. "मला आता प्रार्थना येत नाही. तुला देवभक्त नवरा हवा असेल तर मी तो नाही."

आई म्हणाली, "मी करीन. तुम्ही शेजारी बसा."

ती रोज करायची आणि ते शेजारी बसायचे. असं किती महिने गेले ते तिनं कधी सांगितलं नाही. एका संध्याकाळी ती शिवणाच्या गठ्ठ्यापाशी दमून डोळे मिटून बसली होती, तर शेजारून आवाज आला, "आज मी करतो." बस, एवढंच. त्यानंतर ती गाडी कधी अडली नाही.

ऑर्गनचं प्रकरणही त्याच सुमाराचं. जुना वादक वारला होता, ऑर्गनला कुलूप होतं आणि मंडळी नुसत्याच आवाजावर गात होती, तीही चार दिशांना चार सुरांत. बाबा पाळकांकडे गेले आणि किल्ली मागितली. पाळक सज्जन माणूस. त्यांना वाटलं, गड्याला जुन्या आठवणीसाठी जरा बसायचं असेल.

"मी वाजवणार आहे," बाबा म्हणाले.

पाळकांनी चष्मा काढून पुसला. "पण एका हातानं..."

"एक हात आणि दोन पाय. ऑर्गनला पायाखालीही पट्ट्या असतात, पाळकसाहेब. डाव्या हाताचं काम पायांना देतो आणि उजव्याचं डाव्याला. बढती सगळ्यांचीच."

ते बोलून गेले खरे, पण काम डाव्या हातचा मळ नव्हतं. रिकाम्या चर्चच्या वरच्या सज्जात, ऑर्गनपाशी, बूट काढून, मोज्यांवर, ते रोज दुपारी बसायचे. पाय नाचायचे आणि हात चुकायचा. हात सांभाळला की पाय भलतीकडे. आई शिवण घेऊन खालच्या बाकावर बसायची. ती म्हणायची, की त्या दिवसांत तिनं जेवढ्या चुका ऐकल्या तेवढ्या कुणी ऐकल्या नसतील, आणि त्यातली एकही ती विसरली नाही.

पहिल्या रविवारी बाबा उपासनेला वाजवायला बसले तेव्हा चर्च खच्चून भरलं होतं. पहिली दोन कडवी ठीक गेली. तिसऱ्याला पाय घसरला आणि ऑर्गन बैलासारखा हंबरला. लगेच मंडळींनी आवाज चढवला. सगळ्यांनी मिळून त्या चुकीवर पांघरूण घातलं. उपासना संपल्यावर बाबा खाली उतरले आणि दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "मनापासून आभार. पण पुढच्या वेळी एवढ्या जोरात गाऊ नका. माझी चूक मला ऐकू यायला हवी, नाहीतर सुधारणार कशी?" त्या दिवसापासून कुणी त्यांची कीव केली नाही.

एक अडचण मात्र राहिली. ऑर्गनच्या दोन्ही बाजूंना लाकडी मुठी असतात. एक ओढली की बासरीसारखा आवाज, दुसरी ओढली की तुतारीसारखा. गाणं चालू असताना त्या योग्य वेळी ओढाव्या आणि ढकलाव्या लागतात, आणि बाबांचा हात तर पट्ट्यांवर. हे काम आईकडे आलं. पण आईला गाण्याची भारी हौस. ती एकदा रंगली की मूठ ओढायची विसरून जायची, आणि शांत कडव्यात तुताऱ्या दणाणत राहायच्या. "तू खाली बसून गा," बाबा शेवटी म्हणाले, "दोन्हीकडे न्याय होत नाही." तेव्हापासून ते गीताआधीच मुठी ओढून ठेवायचे, आणि मध्ये आवाज बदलायचा राहून जायचा.

आचारी या सगळ्यात कुठेच नव्हता. इस्पितळात तो एकदाच आला होता. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, चादरीच्या त्या सपाट बाजूकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मग त्याचा ठावठिकाणाच लागेना. बाबांनी जुन्या सोबत्यांकडे निरोप ठेवले. वर्षं गेली. थोरला जन्मला, धाकटी जन्मली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या जात राहिल्या. रोजच्या प्रार्थनेत घरच्यांच्या नावांनंतर 'आणि आचारी' असं यायचं. लहान असताना धाकटीला वाटायचं, हा कुणीतरी संत असणार.

तिच्या बाराव्या-तेराव्या वर्षी पलटणीतला एक ड्रायव्हर सहज भेटायला आला. जाता जाता म्हणाला, बंदरावर एका खाणावळीत आचाऱ्याला पाहिलं, भांडी घासत होता. बाबा उठून उभेच राहिले. "भांडी? तो?"

दुसऱ्या दिवशी ते निघाले. बंदराजवळच्या एका शाळेचा पियानो बरेच दिवस वाट पाहत होता, म्हणून पट्टी दाबायला धाकटीही बरोबर. दारात आईनं एवढंच बजावलं, "आणलंत तर जेवायला आणा. उपकार सांगायला नको."

खाणावळ कामगारांनी भरलेली होती. लांबलचक टेबलं, खिडक्यांवर वाफ, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं. मागच्या दारातून मोरी दिसत होती आणि तिथे एक रुंद पाठीचा माणूस मोठं पातेलं घासत होता. त्यानं वळून पाहिलं. त्याची नजर बाबांच्या तोंडावर गेलीच नाही. ती थेट दुमडलेल्या बाहीवर गेली. तो पुन्हा पातेल्याकडे वळला आणि आणखी जोरात घासू लागला. बाबांनी चहा मागवला, अर्धा प्यायले आणि आत गेले. धाकटी दारात उभी राहिली.

"चहा बेचव आहे," बाबा म्हणाले. "तू केलेला नाही, हे कळलं."

"मी आता चुलीपाशी जात नाही."

"का?"

त्यानं पातेल्यावर पाणी ओतलं. "जाळ दिसला की तो वास येतो," आचारी म्हणाला. "तू जा, पाद्री. पोरीला घेऊन जा. तुला पाहिलं की मला आठवडाभर जेवण जात नाही."

"मला न पाहताही जात नव्हतंच की. वाळलायस किती."

आचाऱ्यानं पातेलं आदळलं. "मी तुला सांगितलं होतं का? मला वाचव, असं मी सांगितलं होतं का तुला?"

बाबांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "सांगितलं होतंस," ते म्हणाले. "चांगलं बोंबलून सांगितलं होतंस. मागच्या गाड्यांपर्यंत ऐकू गेलं होतं."

धाकटीला वाटलं, आता हा माणूस मारणार. आचारी ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. मग त्याच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला. तो हसत होता. हसता हसता तो पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला आणि रडू लागला, आणि बाबा त्याच्याशेजारी जमिनीवर बसले, पाण्यात, आपल्या चांगल्या विजारीनिशी.

"तू हाक मारलीस, मी आलो. तो हिशेब तिथेच मिटला," बाबा म्हणाले. "आता मी हाक मारतोय. मला माणूस हवाय. ऑर्गनच्या मुठी ओढायला."

"चर्चमध्ये?"

"ऑर्गन तिथे आहे, त्याला मी काय करू?"

"माझा देवावर विश्वास नाही."

"मुठी ओढायला विश्वास लागत नाही. कान लागतो, आणि माझी बोलणी खायची तयारी. ती तुला आहे, आपली जुनी ओळख आहे."

आचारी त्या दिवशी आला नाही. बाबांनी आग्रहही केला नाही. परतीच्या बसमध्ये धाकटीनं विचारलं, "येतील का ते?" बाबा म्हणाले, "बोलावणं आपलं काम. येणं त्याचं." मग ते खिडकीला डोकं टेकून निवांत झोपले.

ऋतू पालटल्यावर एका शनिवारी दारात एक पत्र्याची ट्रंक उभी राहिली आणि तिच्यामागे आचारी. आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बाही उसवलीय तुमची. शर्ट काढून द्या, आणि हात धुऊन बसा जेवायला." त्या घरात हेच स्वागत. कार्यशाळेच्या मागे एक खोली होती, तिच्यातले मोडक्या पियानोंचे सांगाडे बाहेर काढून खाट टाकली. मुलांनी त्यांना आचारीकाका म्हणायला सुरुवात केली.

काका दिवसा फेल्ट कापायचे, तारांचा गंज काढायचे, आणि रविवारी ऑर्गनपाशी उभे राहायचे. कान उत्तम होता. बाबांनी मान किंचित हलवली की मूठ बाहेर. प्रवचन सुरू झालं की मात्र ते वरच्या सज्जातून मागच्या जिन्यानं खाली जाऊन अंगणात बसायचे आणि शेवटच्या गीताला बरोबर परत यायचे. पाळकांनी एकदा विचारलं, "तुम्ही प्रवचनाला का थांबत नाही?" काका म्हणाले, "त्यात मुठी ओढायच्या नसतात." पाळक हसले आणि तो विषय तिथेच संपला.

चुलीपाशी मात्र ते जायचे नाहीत. स्वयंपाकघरात बसले तरी पाठ चुलीकडे करून. कुणी काही विचारलं नाही. मग एका हिवाळ्यात आई तापानं अंथरुणाला खिळली. थोरला शिकायला बाहेरगावी होता. बाबा एका हातानं भाजी चिरायला बसले, ती सुरीखालून निसटून खोलीभर पळायची. दोन दिवस ब्रेड आणि फळं यांवर काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी काका उठून चुलीसमोर उभे राहिले. नुसते उभे. कपाळावर घाम आला होता.

"काडी मी ओढू का?" धाकटीनं विचारलं.

"ओढ. आणि इथेच उभी राहा."

तिनं चूल पेटवली. काकांनी डोळे मिटले, उघडले, पातेलं चढवलं. अंडी उकडली. मग पाण्यात भाज्या घालून सूप केलं. चव बघताना त्यांनी ओठ असे मिटले, की धाकटीला एकदम कळलं, हा माणूस मुळात कोण आहे. वाटी आईकडे गेली. आतून क्षीण आवाज आला, "मीठ कमी आहे." काका दारात जाऊन म्हणाले, "तापात जिभेला चव नसते वहिनी. मीठ बरोबर आहे." कितीतरी वर्षांनी आचारी आपल्या स्वयंपाकाची बाजू घेऊन भांडत होता. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते; त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बराच वेळ रस्ता बघत राहिले.

थोरल्यानं शिक्षण संपवून सैन्यात जायचं ठरवलं, तेव्हा घर हादरलं. आईनं बोलणं टाकलं. बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याला काकांच्या खोलीत नेलं आणि काकांना सांगितलं, "याला खरं सांग. माझ्या तोंडून ऐकलं तर त्याला ते शौर्य वाटेल." काकांनी दुपारभर त्याला सगळं सांगितलं. थोरला पांढराफटक पडून बाहेर आला, आणि तरीही गेला. बाबांनी स्टेशनवर त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, भर गर्दीत, मोठ्यानं, आणि त्याला लाज वाटली तरी त्यानं डोकं हलवलं नाही. नोकरी पुरी करून तो धडधाकट परत आला. आईनं त्याला जवळ घेण्याआधी त्याचे दोन्ही हात चाचपून पाहिले.

बाबा म्हातारे झाले ते पायांपासून. गुडघे धरू लागले, पायाखालच्या पट्ट्या दूर गेल्यासारख्या वाटू लागल्या. त्यांनी कुणी सुचवायची वाट पाहिली नाही. एका रविवारी शेवटचं गीत झाल्यावर ते सज्जाच्या कठड्याशी आले आणि खाली मंडळींना म्हणाले, "पुढच्या रविवारपासून धाकटी वाजवेल. तिला दोन हात आहेत, तरी सांभाळून घ्या." चर्चमध्ये हशा पिकला. धाकटी तेव्हा स्वतः दोन मुलांची आई होती, तरी तिचे कान लाल झाले.

त्यानंतर ते तिच्या शेजारी खुर्चीत बसायचे. मुठींवर काकाच. बाबा कधी टोकायचे नाहीत. फार झालं तर एक भुवई उचलायचे. घरी आल्यावर मात्र जेवताना एकेका कडव्याची चिरफाड चालायची, आणि काका मध्येच म्हणायचे, "तू काय वाजवायचास ते मला आठवतंय, पाद्री. पोरीला जेवू दे."

शेवटचं आजारपण लांबलं नाही. छातीत कफ झाला, इस्पितळात न्यावं लागलं. तिथलं सूप पाहून काकांनी नाक मुरडलं, घरून डबा आणायला सुरुवात केली आणि परिचारिकेशी त्यावरून वाद घातला. बाबा उशीला टेकून ते भांडण मजेत ऐकत असायचे. भीती त्यांच्या तोंडावर कुणी पाहिली नाही. धाकटीनं एकदा धीर करून विचारलं, "बाबा, भीती वाटते का?"

"चरात वाटली होती तेवढी नाही," ते म्हणाले. "आणि तेव्हाही उठता आलं होतं."

दोन दिवसांनी, भर दुपारी, खोलीत ऊन आलेलं असताना ते गेले. आईनं त्यांचा हात धरला होता. थोरला वेळेवर पोचला होता. काका डबा घेऊन जिन्यात होते.

अंत्यविधीला चर्च पहिल्या रविवारसारखं भरलं. जुन्या पलटणीतले उरलेले म्हातारे छातीवर पदकं लावून आले. शवपेटीवर झेंडा होता. पाळक आता नवे, तरुण होते. त्यांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का. सगळे थोरल्याकडे बघत होते. उठले ते काका.

"मी देव मानत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले. "प्रवचनाला मी अंगणात असतो, हेही ठाऊक असेल. या माणसानं मला जळत्या गाडीतून काढलं, ते तुम्ही ऐकलंय. त्याला पदक मिळालं त्याचं. पण तो मला दुसऱ्यांदा काढायला आला होता, बसनं, पोरीला घेऊन. ते कुणाला माहीत नाही. मला विचाराल तर दुसरं काम जास्त अवघड होतं. पहिल्या वेळी मी हाका मारत होतो. दुसऱ्या वेळी मी त्याला जा म्हणत होतो." ते थांबले. "एवढंच. मला वर जायचंय, शेवटचं गीत बाकी आहे."

ते जिना चढून सज्जात येईपर्यंत धाकटी थांबली. मग तिनं सुरुवात केली. गीत शांत होतं, हळू वाजवायचं होतं. दुसऱ्या कडव्याला काकांनी तुताऱ्यांची मूठ ओढली. तिनं चमकून पाहिलं.

"शेवटी शेवटी त्याला कमी ऐकू यायचं," काका पुटपुटले.

तिनं ती मूठ आत ढकलायला सांगितलं नाही. खाली आई सगळ्यांच्या वर आवाज चढवून गात होती.

सोमवारी कार्यशाळा उघडली. एका शाळेचा पियानो तयार करून द्यायचा होता, स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं. धाकटीनं पोट उघडलं, पाचरी लावल्या, चावी हातात घेतली. तिला पट्टी दाबायला कुणी लागत नव्हतं. तरी काका स्टूल ओढून समोर बसले आणि म्हणाले, "मी दाबतो. तू ऐक." आई वरून जेवायला हाका मारेपर्यंत दोघांनी खालची अर्धी बाजू लावून टाकली होती.